चिपचे पैसे दिले, मग पेटंटचा टक्का पुन्हा कशावर?

जळगाव एमआयडीसीत शेतीपंपांचे मोबाईल स्टार्टर बनवणाऱ्या एका तरुण उद्योजकाचा प्रश्न आहे. ते ४जी मॉड्यूल पक्क्या जीएसटी बिलावर विकत घेतात, बोर्डवर बसवतात आणि स्टार्टर विकतात. आता एका परदेशी कंपनीच्या वतीने त्यांना पत्र आलंय की, तुमच्या यंत्रात आमची पेटंट वापरली जातात, लायसन्स घ्या आणि संपूर्ण स्टार्टरच्या विक्री किमतीवर ठरावीक टक्का रॉयल्टी द्या. त्यांचं विचारणं असं: मॉड्यूलचे पैसे दिल्यावर हे वेगळे पैसे कशाचे? यावरून मोठ्या मोबाईल कंपन्या कोर्टात भांडल्या, त्याचं काय झालं? आणि आपल्याला स्पर्धा आयोगाकडे जाता येईल का?

आधी पत्राचं बोलू. त्याला घाबरू नका, पण ते ड्रॉवरमध्येही टाकू नका. बावीस वर्षं पेटंट एजंट म्हणून काम करताना मी सर्वात जास्त नुकसान पाहिलं ते उत्तरच न देणाऱ्यांचं. उत्तर काय द्यायचं ते शेवटी सांगतो. त्याआधी भांडण समजून घ्या, नाहीतर समोरचा वकील जे आकडे मांडेल तेच खरे वाटू लागतील.

तुमच्या वडिलांनी मला फोनवर एकच वाक्य विचारलं होतं, "पैसा तं दिधा ना भाऊ, मंग आखो कसाना?" (पैसे तर दिले ना, मग आणखी कशाचे?) जगभरातल्या न्यायालयांनी हजारो पानं लिहिली ती याच प्रश्नावर.

तुमचा स्टार्टर उघडून बघा. कॉन्टॅक्टर, रिले, ट्रान्सफॉर्मर, पत्र्याची पेटी आणि एका कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढं मॉड्यूल, वर चकचकीत पत्र्याची टोपी, टोपीवर छापलेला आयएमईआय नंबर. टोपीखाली मोडेमची चिप असते. रात्री दोनला थ्री फेज लाईट आली की शेतकऱ्याला मेसेज जातो आणि त्याने घरून कॉल केला की मोटार चालू होते, ते या चिपमुळे. ही चिप टॉवरशी ज्या भाषेत बोलते ती भाषा एका कंपनीची नाही. अनेक कंपन्यांनी एकत्र बसून ४जीचं मानक ठरवलं आणि त्यात प्रत्येकीचे शोध घातले. मानकात गेलेल्या पेटंटला वळसा घालता येत नाही. ते टाळायचं म्हटलं तर टॉवरशी बोलणंच बंद. म्हणून या कंपन्यांनी मानक ठरवणाऱ्या संस्थांना लेखी वचन दिलेलं असतं की लायसन्स रास्त, वाजवी आणि भेदभावाशिवाय देऊ. धंद्यात याला फ्रँड अटी म्हणतात. सगळं भांडण 'रास्त' म्हणजे किती आणि 'कोणाला' द्यायचं, या दोन शब्दांवर आहे.

आता वडिलांचा प्रश्न. पेटंट कायद्यात एक जुनं तत्त्व आहे. मालकाने स्वतः किंवा त्याच्या परवानगीने वस्तू एकदा विकली की त्या वस्तूपुरता त्याचा हक्क संपतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये क्वांटा विरुद्ध एलजी खटल्यात हे कॉम्प्युटर चिपच्या बाबतीत स्पष्ट केलं. आपल्या पेटंट कायद्यातही कलम १०७अ (ब) आहे. कायद्याने अधिकार असलेल्या विक्रेत्याकडून आयात केलेली वस्तू उल्लंघन ठरत नाही, असं ते सांगतं. म्हणजे चिप बनवणाऱ्याकडे त्या पेटंटचं लायसन्स असेल, तर तुमच्याकडून पुन्हा मागायला जागा राहत नाही. नसेल, तर तुमचं जीएसटी बिल मॉड्यूलचे पैसे दिल्याचा पुरावा आहे, पेटंटचे दिल्याचा नाही.

इथेच क्वालकॉम येते. सॅन डिएगोची ही कंपनी १९८५ मध्ये सुरू झाली, सीडीएमए या मोबाईल संपर्काच्या तंत्रातून मोठी झाली. ती चिपही विकते आणि पेटंटचं लायसन्सही देते. चिपसोबत पेटंटचा हक्क विकला तर तो तिथेच संपेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने दोन्ही धंदे वेगळे ठेवले. फोन बनवणाऱ्याने आधी लायसन्स घ्यायचं, संपूर्ण फोनच्या किमतीवर टक्का द्यायचा, मगच त्याला चिप मिळणार. 'लायसन्स नाही तर चिप नाही' या नावानेच हे धोरण ओळखलं जातं. शिवाय चिप बनवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना ती लायसन्स देत नसे, फक्त फोन बनवणाऱ्यांना देई.

यात तक्रार कशाची, ते नीट बघा. लायसन्स महाग वाटलं तर एरवी माणूस कोर्टात जातो आणि दर ठरवून घेतो. पण ज्याच्याकडून लायसन्स घ्यायचं त्याच्याच चिपवर तुमचा कारखाना चालत असेल, तर भांडायची हिंमत कोण करणार? चिप थांबली तर हंगाम गेला. अमेरिकेत बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०१७ मध्ये दावा लावला तो याच मुद्द्यावर. त्यांचं म्हणणं होतं की या दबावाखाली रॉयल्टी फुगते आणि फोनवाल्याने दुसऱ्या कंपनीची चिप घेतली तरी ती फुगलेली रॉयल्टी क्वालकॉमलाच द्यावी लागते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक चिपवर क्वालकॉमचा कर बसतो. मे २०१९ मध्ये न्यायाधीश लूसी को यांनी २३३ पानी निकालात हे मान्य केलं.

ऑगस्ट २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने, नाइन्थ सर्किटने, तो निकाल पूर्ण उलटवला. त्यांचं म्हणणं साधारण असं: रॉयल्टी चिप कोणाचीही असली तरी सारखीच आहे, मग प्रतिस्पर्ध्यावर वेगळा भार कुठला? नुकसान झालं असेल तर ते ग्राहक असलेल्या फोन कंपन्यांचं, आणि चिपच्या बाजारातली स्पर्धा ही वेगळी गोष्ट. फ्रँडचं वचन मोडलं असेल तर करारभंगाचा दावा करा, स्पर्धा कायदा त्यासाठी नाही. मला हा निकाल अर्धाच पटतो. रॉयल्टी सर्वांना सारखी असणं वेगळं आणि ती ठरवताना एका बाजूच्या हातात चिपचा नळ असणं वेगळं. नळाचा प्रश्न न्यायालयाने पुरेशा गांभीर्याने घेतला नाही, असं मला वाटतं. पण निकाल निकाल आहे, आणि २०२१ मध्ये ट्रेड कमिशनने सर्वोच्च न्यायालयात जायचं नाही असं ठरवलं.

दरम्यान याच रॉयल्टीवरून चाललेलं ॲपल आणि क्वालकॉमचं भांडण १६ एप्रिल २०१९ रोजी कोर्टात सुरुवातीची भाषणं चालू असतानाच मिटलं. ॲपलने सहा वर्षांचं लायसन्स घेतलं. त्याच दिवशी ॲपलला मोडेम पुरवणाऱ्या इंटेलने स्मार्टफोनच्या ५जी मोडेममधून माघार जाहीर केली. पुढे ॲपलने इंटेलचा तो मोडेम विभाग १ अब्ज डॉलरला घेतला आणि स्वतःचं पहिलं मोडेम फोनमध्ये बसवायला २०२५ उजाडलं. जगातल्या सर्वात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला इतकी वर्षं लागतात, यावरून मोडेम बनवणं किती अवघड आहे ते कळतं. शोध लावणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा, हे मी म्हणूनच ठामपणे मानतो. फुकट वापरायचं म्हणणाऱ्याची बाजू मी कधी घेतली नाही.

इतर देशांनी वेगळे रस्ते धरले. दक्षिण कोरियाच्या आयोगाने २०१६ मध्ये १.०३ लाख कोटी वॉनचा दंड केला आणि तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवला. म्हणजे ज्या वागण्याला अमेरिकेत मोकळीक मिळाली, त्यालाच कोरियात दंड. युरोपने २०१८ मध्ये केलेला ९९.७ कोटी युरोचा दंड क्वालकॉमने आपलीच चिप घ्यावी म्हणून ॲपलला दिलेल्या पैशांबद्दल होता, तो २०२२ मध्ये कोर्टाने रद्द केला. तुमच्या कामाचा निर्णय मात्र चीनचा आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथे क्वालकॉमला ६०८.८ कोटी युआनचा दंड झाला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या फोनवर रॉयल्टी पूर्ण किमतीवर न लावता ६५ टक्के किमतीवर लावायची, असं ठरलं. टक्का जवळपास तसाच राहिला, फक्त तो ज्या रकमेवर लागतो ती रक्कम कमी झाली.

हा मुद्दा आपल्या बाजार समितीत कोणालाही कळेल. हमाली पोत्यावर असते. पोत्यात हरभरा असो की महागडी तूर, हमाल पाठीवर घेतो ते एक पोतं, त्याचा दर पोत्याचा. आडत मात्र मालाच्या किमतीवर टक्क्याने असते. भाव चढला की आडतही चढते. मोडेमचं पेटंट हमालीसारखं मोजायचं की आडतीसारखं? चिप टॉवरशी बोलते ते काम सहा हजाराच्या स्टार्टरमध्ये आणि लाखाच्या यंत्रात तेवढंच असतं. समजा मॉड्यूल ८०० रुपयांचं आहे, स्टार्टर ६,००० रुपयांचा आणि टक्का १. मॉड्यूलवर मोजलं तर ८ रुपये, स्टार्टरवर मोजलं तर ६०. मधले ५२ रुपये कॉन्टॅक्टरवर, रिलेवर आणि पत्र्याच्या पेटीवर लागले, आणि त्यात समोरच्याचा एकही शोध नाही.

समोरचा म्हणेल, कनेक्शनमुळेच तुमची पेटी सहा हजाराला जाते, साधा स्टार्टर त्याहून स्वस्त मिळतो, तो वाढीव भाव आमच्यामुळे आहे. या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारू नका. पण मग तो वाढीव भागच मोजू द्या, पूर्ण पेटी नाही. फोनच्या बाहेरच्या धंद्यात तसा कल दिसतोही. गाड्यांसाठी पेटंटधारकांचा जो सामायिक गट आहे, अव्हान्सी, त्याने ४जीसाठी गाडीमागे आधी १५ आणि पुढे २० डॉलर असा ठोक दर ठेवला, गाडी छोटी असो की आलिशान. फोनमध्येही स्वीडनच्या एरिक्सनने आणि नोकियाने ५जीसाठी नगामागे ठोक दर जाहीर केले आहेत. तेव्हा नगामागे ठोक दर मागणं म्हणजे भीक मागणं नाही, बाजारात चालणारी गोष्ट आहे.

आता भारतात काय झालं. नोव्हेंबर २०१३ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मायक्रोमॅक्स या भारतीय फोन कंपनीच्या तक्रारीवर एरिक्सनची चौकशी लावली, जानेवारी २०१४ मध्ये इंटेक्स या दुसऱ्या फोन कंपनीच्या तक्रारीवरही. आयोगाच्या आदेशात अगदी आपलाच हिशोब होता: १०० रुपयांच्या फोनवर १.२५ रुपये रॉयल्टी, आणि तीच चिप १,००० रुपयांच्या फोनमध्ये गेली की १२.५० रुपये, याला तर्क काय? एरिक्सन दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मार्च २०१६ मध्ये एकल न्यायाधीशांनी आयोगाला अधिकार आहे असं म्हटलं. १३ जुलै २०२३ रोजी खंडपीठाने ते फिरवलं. पेटंट कायदा विशेष कायदा आहे, लायसन्सच्या अवाजवी अटींवर त्यातच उपाय आहेत, तेव्हा आयोगाने या क्षेत्रात यायचं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचं अपील फेटाळलं, तोवर मूळ तक्रारदारांनी आपसात मिटवलेलंही होतं.

याच २०२३ च्या निकालात खानदेशाचा जिव्हाळ्याचा दुसरा विषय होता, तो म्हणजे कापसाचं बियाणं. एरिक्सनसोबत बियाणं कंपनी मोन्सॅन्टोचं प्रकरणही त्याच निकालाने संपलं. बीटी कापसाच्या जनुकावरच्या रॉयल्टीबद्दल आयोगाने फेब्रुवारी २०१६ मध्ये चौकशी लावली होती. माझे वडील चोपडा तालुक्यात कापूस लावायचे. ४५० ग्रॅमची बीटीची थैली आणि सोबत १२० ग्रॅमची साध्या बियाण्याची छोटी पुडी, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. त्या थैलीच्या किमतीत जनुकाचा वेगळा भाग दडलेला असे. तो केंद्र सरकारने २०१६ मध्ये ४९ रुपयांवर आणला, २०१८ मध्ये ३९, २०१९ मध्ये २० आणि २०२० मध्ये शून्य. लक्षात घ्या, हे आयोगाने केलं नाही, कोर्टानेही नाही. बियाणं ही अत्यावश्यक वस्तू म्हणून सरकारने भाव बांधले. मोडेमच्या पेटंटवर असा भावबांधणीचा आदेश नाही. त्यामुळे 'कापसात झालं तसं इथेही होईल' या आशेवर बसू नका, हे मी तुमच्यासारख्या दोघातिघांना आधीच सांगितलं आहे.

म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: स्पर्धा आयोगाचा दरवाजा पेटंटधारकाच्या लायसन्सच्या अटींपुरता आज बंद आहे. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण खंडपीठाने ज्या उपायांकडे बोट दाखवलं ते छोट्या उद्योजकाला पेलणारे नाहीत. पेटंट कायद्याच्या कलम ८४ खालचं सक्तीचं लायसन्स, म्हणजे मालकाची तयारी नसतानाही मिळणारं, मागायचं तर पेटंट मंजूर होऊन तीन वर्षं व्हायला हवीत, आणि अर्ज एकेका पेटंटसाठी करायचा. ४जीमध्ये एका कंपनीचीच शेकडो पेटंट असतात. हे हत्यार भारतात वापरलं गेलं ते २०१२ मध्ये, नॅटको या भारतीय औषध कंपनीला बायरच्या कॅन्सरवरच्या एका औषधासाठी. जळगावच्या कारखानदाराने शंभर पेटंटसाठी शंभर अर्ज करावेत, ही अपेक्षाच अवाजवी आहे. कलम १४० मात्र ध्यानात ठेवा. पेटंटला आव्हान देऊ नये, किंवा नको असलेलं जबरदस्तीने सोबत घ्यावं अशा अटी लायसन्समध्ये असतील, तर त्या त्या कलमाखाली निरर्थक ठरतात.

कोर्टाकडून मोठी अपेक्षाही ठेवू नका. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लावा कंपनीला एरिक्सनला सुमारे २४४ कोटी रुपये भरपाई द्यायला लावली. तिथे चिपच्या किमतीवर रॉयल्टी मोजा हे लावाचं म्हणणं टिकलं नाही, कोर्टाने फोनची किंमतच धरली. फोनच्या बाबतीत भारतात आज वारं त्या बाजूला आहे. स्टार्टर फोन नाही, आणि हा फरक तुमच्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा आहे. फोनची सगळी किंमतच संपर्कासाठी मोजली जाते असं कोणी म्हणू शकेल, पंपाच्या स्टार्टरबद्दल तसं म्हणणं कठीण.

आणि एक प्रसंग तुमच्या थेट उपयोगाचा. डिसेंबर २०१४ मध्ये एरिक्सनच्या दाव्यात शाओमीच्या फोनवर विक्रीबंदी आली. आठवड्याभरात खंडपीठाने तात्पुरती सूट दिली, ती फक्त क्वालकॉमची चिप असलेल्या फोनना, प्रत्येक फोनमागे १०० रुपये कोर्टात जमा करण्याच्या अटीवर. कारण क्वालकॉमकडे एरिक्सनचं लायसन्स असल्याचा मुद्दा पुढे आला होता. कंपनी एक, ब्रँड एक, पण आत चिप कोणाची यावर विक्री चालू की बंद हे ठरलं. पत्र्याच्या टोपीखाली काय आहे हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे, ते यासाठी.

तर आता करायचं काय. या आठवड्यात मॉड्यूलवाल्याला मेल टाका, फोन नको. चिप कोणत्या कंपनीची, तिचा पार्ट नंबर काय आणि पत्रातल्या कंपनीचं लायसन्स चिपवाल्याकडे किंवा मॉड्यूलवाल्याकडे आहे का, हे लेखी विचारा. पुढच्या खरेदीच्या ऑर्डरवर एक ओळ घाला की पेटंटवरून दावा आला तर त्याचा खर्च आणि भरपाई पुरवठादार सोसेल. चिनी पुरवठादार सहसा आधी नकार देतात. मोठ्या लॉटवर काहीजण मान्य करतात, निदान मॉड्यूलच्या किमतीइतक्या मर्यादेपर्यंत. मान्य न करणाऱ्याचं मॉड्यूल वीस रुपयांनी स्वस्त असलं तरी ते स्वस्त नाही.

पत्राला उत्तर पाठवा, पण 'आम्ही तुमची पेटंट वापरतो' असं एकही वाक्य त्यात नको. लिहा की, रास्त अटींवर लायसन्स घ्यायला आमची तयारी आहे. त्यासाठी भारतात मंजूर झालेल्या पेटंटची यादी क्रमांकासह द्या, प्रत्येकाची मुदत कधी संपते ते सांगा, पेटंटमधला दावा आमच्या यंत्रात कुठे लागू होतो ते दाखवा, आणि फोन नसलेल्या यंत्रांसाठी इतरांना कोणता दर दिला ते कळवा. मुदतीचं विचारायला विसरू नका. पेटंट वीस वर्षांचं असतं आणि तुमच्या जुन्या २जी स्टार्टरमधल्या तंत्राची मूळ पेटंट बहुतांशी संपलेली आहेत, तरी मागणीच्या पत्रात जुना माल सरसकट धरलेला मी पाहिला आहे. तयारी दाखवणं यासाठी महत्त्वाचं की, टाळाटाळ करणाऱ्याशी आपली कोर्टं अलीकडे कडक वागतात आणि दाव्याच्या सुरुवातीलाच रक्कम जमा करायला लावतात.

ते गोपनीयतेचा करार पुढे करतील. तो वाचल्याशिवाय सही नको. इंटेक्सची एक तक्रार हीच होती की गोपनीयतेच्या कराराखाली वाद परदेशात, स्टॉकहोमला न्यावा लागेल. वादाचं ठिकाण भारतातच असावं आणि तुमच्या मॉड्यूलवाल्याला ते कागद दाखवता यावेत, ही दोन वाक्यं घालून घ्या. दुसरं वाक्य नसेल तर भरपाई मागायला मॉड्यूलवाल्याकडे जाताना तुमचे हात बांधलेले राहतील.

पत्रावर उत्तरासाठी तीस दिवस दिले आहेत आणि त्यातले अकरा गेले आहेत. मॉड्यूलवाल्याचं उत्तर येवो न येवो, पंचविसाव्या दिवशी आपलं उत्तर स्पीड पोस्टाने आणि मेलने, दोन्हीकडून गेलं पाहिजे. मसुदा तुम्ही लिहा, मराठीत लिहिलात तरी चालेल, इंग्रजी मी करून देतो. सोबत एका स्टार्टरचा उघडा फोटो पाठवा, मॉड्यूलच्या टोपीवरची अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून.